एक पाठ, अनेक वाटा : अनेकान्तदृष्टीतून शिक्षणाचा विचार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त शहागंज येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे हा कोणत्याही संस्थेच्या जीवनात समाधानाचा आणि त्याचबरोबर आत्मपरीक्षणाचा टप्पा असतो. अशा मंगल प्रसंगी उभारलेल्या वास्तू, पार पडलेली विधाने, लाभलेले गुरुसान्निध्य आणि दानशूरांची नामावली यांचे स्मरण होते, आणि ते उचितच आहे. परंतु संस्थेची पुढील पन्नास वर्षे ज्यांच्या खांद्यावर जाणार आहेत, ती बालके आज कोणत्या भाषेत आणि कोणत्या रीतीने शिकत आहेत, हा प्रश्न अशा आढाव्यात सहसा येत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

भिन्न भाषेच्या, भिन्न संस्कारांच्या आणि भिन्न गतीच्या मुलांना एकाच वर्गात न्याय कसा द्यावा, या विचाराला अलीकडे 'बहुसांस्कृतिक शिक्षण' असे म्हणतात. नाव नवे असले तरी विचार जैन परंपरेला परका नाही. शास्त्रांत त्याची बीजे आहेत आणि या शहराच्या इतिहासात त्याची उदाहरणेही आहेत.

समवसरणाचा आदर्श

भगवंतांच्या समवसरणाचे वर्णन प्रत्येक श्रावकाला परिचित आहे. बारा सभांमध्ये देव, मनुष्य आणि तिर्यंच एकत्र बसतात, वाणी एकच असते आणि प्रत्येक श्रोत्याला ती स्वतःच्या भाषेत उमजते. या वर्णनातील अतिशय बाजूला ठेवला तरी त्यामागील शिक्षणदृष्टी विचार करण्याजोगी आहे. भाषेची अडचण दूर करण्याचे ओझे तेथे श्रोत्यावर टाकलेले नाही. उपदेश श्रोत्यापर्यंत चालत जातो.

भगवान महावीरांचा उपदेश अर्धमागधी या लोकभाषेतून झाला. पुढे आचार्य आणि कवी जेथे जेथे गेले, तेथील भाषा त्यांनी आपलीशी केली. शौरसेनी, महाराष्ट्री, अपभ्रंश, तमिळ, कन्नड, गुजराती आणि मराठी या साऱ्या भाषांत जैन वाङ्मय निर्माण झाले. श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या मूर्तीच्या पायाशी चामुंडरायाने ही मूर्ती करविली, ही एकच गोष्ट कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलेली आहे. यात्रेकरू तीन प्रांतांतून येणार आणि प्रत्येकाला आपल्या भाषेत वाचता यावे, हा विवेक तेथे दगडावर उमटला आहे.

स्वाध्यायाची पाच अंगे

तत्त्वार्थसूत्र हा सर्व संप्रदायांना मान्य असलेला ग्रंथ. त्यात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत. वाचना म्हणजे पाठ देणे-घेणे, पृच्छना म्हणजे शंका विचारणे, अनुप्रेक्षा म्हणजे मनन, आम्नाय म्हणजे शुद्ध उच्चारासह पुनरावृत्ती आणि धर्मोपदेश म्हणजे शिकलेले दुसऱ्याला समजावून सांगणे. उत्तराध्ययन सूत्रातही थोड्या फरकाने हीच पाच अंगे आढळतात.

त्याच तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाच्या चार पायऱ्या दिल्या आहेत. अवग्रहात वस्तूची पहिली जाणीव होते, ईहेत जिज्ञासा जागी होते, अवायात निर्णय होतो आणि शेवटी धारणेत तो निर्णय स्मरणात टिकतो. धारणा चौथी आहे, हे येथे लक्षात घ्यावयाचे.

आता अनेक ठिकाणच्या पाठशाळांचे चित्र पाहावे. णमोकार मंत्र, स्तोत्रे आणि सूत्रे मुलांना मुखोद्गत असतात, स्पर्धेत बक्षिसेही मिळतात. ही घोकणी निरुपयोगी खचित नाही, तिच्यामुळेच आगम शतकानुशतके टिकले. परंतु पाचांपैकी आम्नाय हे एकच अंग उरले आणि चार पायऱ्यांपैकी तीन ओलांडून मुलाला थेट धारणेवर उभे केले, तर ते किती काळ उभे राहील? आठवी-नववीनंतर मुले पाठशाळेतून दिसेनाशी होतात, याचे खापर सहसा दूरदर्शन, मोबाइल आणि शिकवणी वर्गांवर फोडले जाते. ज्या सूत्राचा अर्थ कधी विचारता आला नाही, त्या सूत्राकडे तरुणपणी परतावेसे का वाटावे, हाही प्रश्न त्यासोबत विचारला पाहिजे.

समाजाच्या एकाच पाठशाळेत किती घरभाषा असतात, हेही पाहण्यासारखे आहे. सैतवाळ घरातील मूल मराठी बोलते, खंडेलवाल किंवा ओसवाल घरातील आजी मारवाडीत गोष्ट सांगते, गुजराती कुटुंबातील मुलाची जीभ वेगळी वळते. शाळा बहुधा इंग्रजी माध्यमाची आणि सूत्र प्राकृत किंवा संस्कृत असते. एवढ्या भाषांच्या मध्ये बसलेल्या आठ वर्षांच्या बालकाला अर्थ कोणत्या भाषेत सांगायचा, याचा विचार शिकवणाऱ्याने आधी करावयास हवा.

या शहराचा अनुभव

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे शहर या बाबतीत फार काही शिकवते. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने इंग्रजीऐवजी उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देण्याचा निर्णय घेतला. विज्ञान, कायदा, इतिहास या विषयांचे ग्रंथ भाषांतरित करण्यासाठी स्वतंत्र विभाग उभारला गेला. देशी भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो एक धाडसी प्रयोग होता. बाबा-ए-उर्दू म्हणून गौरविले गेलेले मौलवी अब्दुल हक याच शहरातील उस्मानिया कॉलेजचे प्राचार्य होते आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय त्यांच्यामुळे अनेक वर्षे येथे होते.

परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. उर्दू घरातील मुलासाठी जी वाट मोकळी झाली, तीच मराठी खेड्यातून आलेल्या मुलासाठी चढण ठरली. तत्त्व योग्य होते, त्याचा अंमल मात्र एकाच भाषेपुरता झाला. म्हणूनच १९१५ मध्ये सुरू झालेल्या सरस्वती भुवन संस्थेसारख्या प्रयत्नांचे मोल मराठवाड्याला विसरता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले. ज्यांच्या घराण्यात पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, अशा विद्यार्थ्यांसाठी उच्च शिक्षणाचे दार त्यामुळे उघडले. त्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव लाभले. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचे संवाद प्रसिद्ध आहेत. राजा निःसंकोच शंका विचारतो आणि भिक्षू दृष्टान्त देऊन उत्तर देतो. जैन परिभाषेत सांगावयाचे तर पृच्छनेचे नाव एका विद्यालयाला दिले गेले. पुढे १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६३ मध्ये डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने मौलाना आझाद महाविद्यालय उभे राहिले. एकाच शहरात वेगवेगळ्या समाजांतील मुलांसाठी वेगवेगळी दारे उघडली गेली आणि त्या साऱ्यांतून बाहेर पडलेली पिढी आज एकाच बाजारपेठेत, एकाच न्यायालयात, एकाच रुग्णालयात खांद्याला खांदा लावून काम करते.

कर्मवीरांचे वसतिगृह

कोणी म्हणेल, की समाजाच्या ट्रस्टने समाजापुरते पाहावे. अशा वेळी कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण करावे. १८८७ मध्ये कुंभोज येथे एका जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह सुरू केले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. मुलांना उपाशी झोपावे लागू नये म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या एका श्राविकेने सर्व जातींच्या मुलांची आई व्हावे, यापेक्षा मोठी प्रभावना कोणती?

भाऊरावांच्या पद्धतीची दुसरी बाजू 'कमवा आणि शिका' ही होय. मुले शेतात खपत, बांधकामावर राबत आणि शिकत. हाताने केलेल्या कामातून हिशेब, मोजमाप आणि शिस्त येते, हे त्यांनी दाखवून दिले. शिक्षक घडल्याशिवाय शाळा घडत नाही हे ओळखून १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे विद्यालयही काढले. शाळेची इमारत साधी असली तरी चालेल, शिक्षक मात्र तयार हवा, हा त्यांचा क्रम आजही ध्यानात ठेवावा असा आहे.

कोसबाडची कुरणशाळा

दुसरे उदाहरण कोसबाडचे. ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले होते. गुजरातीत रुजलेला तो विचार त्यांनी मराठीत आणला. १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले.

वारली मुले शाळेत येत नसत, कारण त्यांना गुरे राखावी लागत. मुले आळशी आहेत असा निष्कर्ष काढून या दोघी स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी शाळाच कुरणावर नेली. गुरे चरत असताना खडे, बिया, पाने आणि शिंपले यांच्या साहाय्याने मोजणी आणि ओळख शिकवली जाई. मुलांच्या बोलीतून सुरुवात करून पुढे प्रमाण मराठीकडे जाणे हा त्यांचा मार्ग होता. बाजारातील महागड्या साधनांची त्यांना गरज पडली नाही. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हा सन्मान लाभला. मुलाच्या पायरीपर्यंत खाली उतरून येण्याची त्यांची वृत्ती या सन्मानांहूनही मोठी आहे.

आधुनिक संशोधन काय सांगते

१९८३ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी बुद्धिमत्ता एकाच प्रकारची नसून अनेक प्रकारची असते, असा सिद्धान्त मांडला. त्याच सुमारास 'प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली वेगळी असते' हा विचारही जगभर पसरला. कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी हाताने करून, असे वर्गीकरण आज शिक्षक-प्रशिक्षणाच्या बहुतेक शिबिरांत सांगितले जाते.

येथे थोडी सावधगिरी आवश्यक आहे. २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरील संशोधनाचा सखोल आढावा घेतला. मुलाची शैली ठरवून केवळ त्याच शैलीत शिकवल्यास तो अधिक शिकतो, याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. म्हणजे एखाद्या बालकाच्या कपाळावर 'हा फक्त पाहून शिकणारा' अशी चिठ्ठी चिकटवणे हे 'हा ढ' म्हणण्याइतकेच एकांगी आहे. तोही एक एकान्तवादच होय. हत्ती आणि आंधळ्यांच्या दृष्टान्तात प्रत्येकाने एकेकच अंग धरले म्हणून घोटाळा झाला. तेव्हा मुलाच्या हाती हत्तीचे एकच अंग देऊ नये. प्रत्येक मुलाला तीच गोष्ट ऐकू द्यावी, पाहू द्यावी, करू द्यावी, विचारू द्यावी आणि दुसऱ्याला सांगू द्यावी.

२०१३ मध्ये दहा अभ्यासपद्धतींचा असाच एक आढावा प्रसिद्ध झाला. शिकलेले स्वतःच स्वतःला विचारून पाहणे आणि अभ्यास एका बैठकीत न उरकता दिवसांच्या अंतराने करणे, या दोन पद्धती त्यात सर्वांत उपयुक्त ठरल्या. नुसते पुन्हा पुन्हा वाचणे आणि ओळींखाली रेघा ओढणे यांचा लाभ अल्प आढळला. पृच्छना, अनुप्रेक्षा आणि नित्य आम्नाय यांची जोडी शास्त्रकारांनी का घातली असावी, याचे उत्तर यात मिळते.

बाजारपेठेची शाळा

शहागंजच्या पेठेत कापडाच्या दुकानी बसलेल्या कोणत्याही व्यापाऱ्याला हा विषय वेगळ्या शब्दांत सांगता येईल. फुलंब्रीकडचा शेतकरी आला की मराठी बोलावे लागते, शेजारच्या मोहल्ल्यातील भगिनी आल्या की दखनी, तांड्यावरची बंजारा स्त्री आली की तिच्या घाघऱ्याच्या रंगाची पारख असावी लागते. कोणी भाव आधी विचारतो, कोणी पोत हाताने चाचपल्याशिवाय बोलत नाही, कोणाला संपूर्ण तागा उलगडून दाखवावा लागतो. माल तोच, पन्हा तोच, दाखवण्याच्या रीती मात्र अनेक. गिऱ्हाईक समजले नाही म्हणून त्याला मूर्ख ठरवणारे दुकान फार दिवस चालत नाही.

दुकानदार गिऱ्हाइकाची भाषा शिकतो. शाळा मात्र बालकानेच शाळेची भाषा शिकून यावे अशी अट घालते. हा विरोधाभास व्यापारी समाजाच्या लक्षात सर्वांआधी यावयास हवा होता.

तो आला नाही, याची किंमत घराघरांत मोजली गेली आहे. जे मूल वाचताना अडखळते, अक्षरे उलटसुलट लिहिते, त्याला 'ढ' ठरवून 'याला दुकानात बसवा' असा निर्णय कित्येक कुटुंबांत झाला. मुलगी असेल तर तिच्या विवाहाची घाई झाली. अशा मुलांपैकी काहींना अध्ययन अक्षमता असते, बुद्धी मंद नसते, हे आज वैद्यकशास्त्र आणि कायदा दोन्ही मान्य करतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षांत अशा विद्यार्थ्यांना सवलती मिळतात. त्यासाठी पालकांनी लोकलज्जा सोडून वेळेवर तपासणी करून घेतली पाहिजे. शिवाय दुकान ही आता न शिकलेल्यांची जागा राहिलेली नाही. वस्तू व सेवा कराचे विवरण, संगणकावरील हिशेब आणि परप्रांतीय पत्रव्यवहार करणाऱ्या गादीवर अर्धवट शिकलेला मुलगा बसवणे, हा मुलावरही अन्याय आणि गादीवरही.

हक्क आणि कर्तव्य

भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, ही अपेक्षा १९५६ मध्ये संविधानात ३५० क या अनुच्छेदाने नोंदली गेली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्यतोवर मातृभाषा आणि कृतीतून शिक्षण यांचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असे म्हटले. २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली. आपल्या संस्था चालवण्याचा हक्क समाजाने आनंदाने स्वीकारला. ज्याला स्वतःच्या वेगळेपणाचा मान हवा, त्याने वर्गातील प्रत्येक वेगळ्या मुलाचा मान राखणे हे त्या हक्काचे दुसरे पान आहे.

समाजाने काय करावे

सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाने चार गोष्टींचा संकल्प करावा, अशी नम्र सूचना आहे.

पहिली, पाठशाळेच्या प्रत्येक तासाला स्वाध्यायाची पाचही अंगे असावीत. तासातील काही वेळ केवळ मुलांच्या प्रश्नांसाठी राखावा आणि मोठ्या मुलाने लहान मुलाला एक गोष्ट शिकवावी. सूत्राचा अर्थ आधी मुलाच्या घरच्या भाषेत आणि नंतर मराठीत सांगितला जावा.

दुसरी, देणगीतील निश्चित वाटा शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ठेवावा. संगमरवराच्या फरशीवर दात्याचे नाव कोरता येते, शिक्षकाच्या मनावर कोरता येत नाही, म्हणून हे दान मागे पडते. वास्तविक ज्ञानदान हे चतुर्विध दानांपैकी एक आहे.

तिसरी, वाचनात मागे पडणाऱ्या मुलांची तपासणी आणि मार्गदर्शन यांची व्यवस्था ट्रस्टने गुप्तता राखून करावी, म्हणजे पालकांना संकोच वाटणार नाही.

चौथी, सुट्टीतील शिबिरे आणि वाचनालय शेजारपाजारच्या सर्व मुलांना खुले असावे. शहागंजमध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत शिकणारी मुले राहतात. त्यांनी एकत्र चित्र काढले, एकत्र वेरूळला जाऊन बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी एकाच डोंगरात पाहिली, तर अनेकान्ताचा जो पाठ त्यांना मिळेल, तो कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

या चारही गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. त्यांना लागते ती मुलाकडे पाहण्याची दृष्टी. बालक मागे पडले म्हणजे पाठ त्याच्यापर्यंत पोहोचला नाही, एवढाच त्याचा पहिला अर्थ घ्यावा आणि दुसरी वाट शोधावी. संस्थेच्या हीरकमहोत्सवाला आज पाठशाळेच्या मागच्या ओळीत गप्प बसलेले मूल व्यासपीठावर बोलताना दिसले, तर या सुवर्णमहोत्सवाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.